सोळाव्या लुईच्या धाटणीचं फ्रेंच कपाट: व्हेनियर सुटलंय, सोनेरी नक्षी काळी पडलीय

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागातल्या घरात एक जुनं फ्रेंच कपाट आहे. उंची १०८ सेंमी, रुंदी १२४, खोली ४५. वर राखाडी शिरांचा पांढरा संगमरवर, अडीच सेंमी जाड. समोर दोन दारं, मधला भाग किंचित पुढे आलेला, दोन्ही बाजू गोलाईच्या. दारांवर शंकरपाळ्यांच्या आकाराचं लाकडी जडावकाम. कोपऱ्यांना पन्हळी पाडलेले खांब, पाय भोवऱ्यासारखे. फुलांच्या माळा, रिबिनीची गाठ, मेंढ्याची डोकी अशी सोनेरी धातूची नक्षी सगळीकडे.

डाव्या दारावर खाली वीतभर जागेत व्हेनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) फुगलंय. नखाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. दोन शंकरपाळे निखळले, त्यातला एक जपून ठेवलाय, दुसरा हरवला. नक्षी काळी पडलीय, घरचे म्हणतात चिंच-मीठ लावा. आतल्या बाजूला मागच्या फळीशी मैद्यासारखी भुकटी पडते. सुतार म्हणतो काचपेपरने सगळं घासून मेलामाइन (आधुनिक कडक पॉलिश) मारतो, आठ दिवसांत नवं करून देतो. दिवाळीनंतर कपाट साताऱ्याला न्यायचंय.

आणि हे खरंच सोळाव्या लुईच्या काळातलं, म्हणजे १७८० वगैरेचं आहे का?

—

सरस_चपडा

आधी त्या सुताराला थांबवा. बाकी सगळं नंतर.

तुमच्या दारावरचा लाकडाचा पापुद्रा जास्तीत जास्त एक-दीड मिमी असेल. मशीनवर ऐंशी नंबरचा कागद लावला तर दोन मिनिटांत त्यातून खालचं ओक दिसायला लागेल. आणि घासून निघणारा वरचा थर म्हणजेच शंभर-सव्वाशे वर्षांत उन्हाने आणि हाताळण्याने आलेला रंग. तो कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. मेलामाइन एकदा चढलं की स्पिरिटने उतरत नाही, पुढच्या दुरुस्तीला ते खरवडूनच काढावं लागतं आणि खरवडताना पुन्हा व्हेनियर जातं.

आता व्हेनियर का सुटलं ते बघा. आतला सांगाडा ओकचा, त्यावर सरसाने चिकटवलेला पापुद्रा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत २५-३० टक्के आर्द्रता, जुलै-ऑगस्टमध्ये ८५ च्या वर. लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला तरी ४० सेंमी रुंद ओकची फळी आडव्या अंगाने ३ ते ५ मिमी कमी-जास्त होते. वरचा पापुद्रा तेवढा हलू शकत नाही. मग एक तर तो फुगतो, नाहीतर चिरतो. त्यात जुना सरस ओलीने मऊ पडतो. फुगवटा दाराच्या खालच्याच भागात आहे म्हणजे ओल फरशीकडून येतेय, किंवा कधीतरी पाणी लागलंय. गावभागातलं घर असेल तर पायांवर आडवी पाण्याची रेघ दिसते का तेवढं पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं आणि धोक्याची पातळी ४५ आहे, तेव्हा नदीकाठच्या घरात ही शंका घ्यायलाच हवी.

दुरुस्ती अशी. आधी जुना चिकट पदार्थ कोणता ते ठरवा. निखळलेल्या शंकरपाळ्याच्या मागच्या बाजूला गरम पाण्याचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी बोट लावा. चिकट तार आली आणि जनावरी वास आला तर सरस. पांढरा होऊन रबरासारखा सुटला तर कोणीतरी आधी पांढऱ्या गमाने दुरुस्ती केलीय. तो पूर्ण काढल्याशिवाय त्यावर सरस धरत नाही.

सरसाचे दाणे १०० ग्रॅम, थंड पाणी १५० ते १८० मिली. रात्रभर भिजू द्या, सकाळी जेलीसारखे फुगलेले दिसतील. भांड्यात भांडं ठेवून ५५ ते ६० अंशांवर तापवा. उकळला तर ताकद गेली, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवूनच ठेवा. ब्रश उचलल्यावर न तुटणारी धार पडली की घट्टपणा बरोबर. थोडा जास्त वेळ उघडा राहावा असं वाटत असेल तर सुक्या सरसाच्या पाच टक्के युरिया घाला. आपल्या हवेत तो तीन दिवसांत नासतो. रोज लागेल तेवढाच करा, उरलेला फ्रीजमध्ये. (घरातल्यांना आधी सांगा, हाडा-कातड्याचा असतो.)

फुगलेल्या जागेत शक्यतो नवी चीर पाडू नका. शंकरपाळ्यांच्या सांध्यांतून वाट असतेच. पातळ बोथट पाती सरकवून आतली धूळ कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने काढा, मग १६ किंवा १८ नंबरच्या सुईच्या सिरिंजने गरम सरस आत सोडा आणि बोटाने कडेकडे ढकला. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर गरम केलेली सहा मिमीची ॲक्रिलिक पट्टी आणि शिकंजा. शिकंजा पिळून आवळू नका. सरस सगळा बाहेर आला तर आत काहीच उरत नाही. गोलाईच्या बाजूंना पट्टी बसत नाही, तिथे तापवलेल्या वाळूची पिशवी. कडेला आलेला सरस ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, पण फडकं जवळजवळ पिळून कोरडं हवं, नाहीतर पॉलिशवर पांढरा डाग. चोवीस तास हात लावू नका.

—

फोबूरचा_वाटसरू

तारखेबद्दल. सोळावा लुई गादीवर होता १७७४ ते १७९२. पण त्या धाटणीची जितकी कपाटं आज जगात दिसतात त्यातली बहुतेक १८५० ते १९१० या काळातली आहेत. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजिनी सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या आठवणींनी झपाटलेली होती, १८६७ मध्ये प्ती त्रियानोंमध्ये तिच्या पुढाकाराने मारी आंत्वानेतच्या वस्तूंचं प्रदर्शनही झालं. राजवाड्यालाच ती धाटणी हवी म्हटल्यावर पॅरिसच्या फोबूर सांतांत्वान भागातल्या कारखान्यांनी ती धडाक्याने काढली. तुमचे शंकरपाळे हे मूळ रीजनेरच्या कामाचं वैशिष्ट्य. फर्निचर कारागीर ज्यां-आंरी रीजनेर (१७३४–१८०६) मारी आंत्वानेतसाठी काम करायचा आणि पुढे शंभर वर्षं सगळ्यांनी त्याचीच उचल केली. कमरेइतक्या उंचीच्या या प्रकाराला 'मब्ल दापुई' म्हणतात, आणि पायांना फ्रेंचमध्येही 'तुपी', म्हणजे भोवराच.

पण कपाट या पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे १८५० नंतरच्या काळातलं निघालं म्हणून हिरमुसू नका. लिंक, दासों, बर्देले, सोर्मानी या त्या काळातल्या पॅरिसच्या नावाजलेल्या फर्निचरकारांची कामं मोठ्या लिलावांत कितीतरी अस्सल पण साध्या अठराव्या शतकातल्या कपाटांपेक्षा महाग जातात.

काय तपासायचं ते सांगतो. व्हेनियरची जाडी कुलपाच्या खाचेत किंवा किल्लीच्या भोकाच्या कडेला मोजा. हाताने करवतीने कापलेलं अठराव्या शतकातलं साधारण दीड ते तीन मिमी असतं, मशीनच्या पात्याने कापलेलं एक मिमी किंवा कमी. मागच्या फळीवर टॉर्च आडवी धरून बघा. सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे हातकरवत, कमानीसारख्या रेघा म्हणजे गोल करवत, म्हणजे एकोणिसावं शतक. संगमरवर उचललात की त्याची खालची बाजू पाहा. जुना छिन्नीने ओबडधोबड सोडलेला असतो, मशीनने कापलेला खालूनही सपाट.

शिक्का मागच्या कडेवर, संगमरवराखाली शोधा. पॅरिसच्या सुतारांच्या गिल्डचा 'जे एम ई' आणि कारागिराचं नाव असा ठसा १७५१ पासून सक्तीने पाळला जाऊ लागला आणि गिल्डच १७९१ मध्ये बंद झालं. पण तो ठसा नंतर खोटा मारणं सोपं. नुसता ठसा पाहून निष्कर्ष काढू नका. एकोणिसाव्या शतकातल्या नावाजलेल्यांच्या खुणा बहुधा धातूवर असतात. लिंकच्या कुलपाच्या पट्टीवर त्याचं नाव आणि 'सेरुरेरी पारी', नक्षीच्या पाठीवर 'एफ एल'. बर्देलेचं 'बी वाय'. सोर्मानीचं नाव-पत्ता कुलपावर कोरलेलं, रू शार्लो. दासों कित्येकदा नावासोबत साल घालतो.

स्क्रूसुद्धा बघा. टोकदार असतील तर १८५० नंतरचे.

—

मिरजेचा_पॉलिशवाला

स्क्रूवर भरवसा ठेवू नका ओ. नक्षी साफ करायला काढली की जुना स्क्रू तुटतो, मग दुकानातला नवा बसतो. एका कपाटात तीन काळांचे स्क्रू निघतात. स्क्रूचं वय न बघता भोक बघा. एका तुकड्याशेजारी मोकळी, बुजवलेली भोकं असतील तर ती नक्षी नंतर हलवलीय किंवा दुसऱ्या फर्निचरची आहे.

पॉलिशचं सांगतो. दाराच्या आतल्या कडेला कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. दहा-पंधरा सेकंदांत चिकट झालं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. तसं असेल तर काही उतरवायची गरजच नाही, त्याच्यावरच नवा हात बसतो, चपड्याचा हा मोठा गुण. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या हेच पॉलिश करतात. जडावकाम, पातळ लाकूड, वक्र अंग, तिन्हीची सवय असलेला हात तुम्हाला सांगलीपासून आठ-दहा किलोमीटरवर मिळतो. फर्निचरवाल्यापेक्षा तिथे चौकशी करा.

मेण काढलेला चपडा १५० ग्रॅम, एक लिटर स्पिरिट. दोन दिवस झाकून, अधूनमधून हलवून, मग मलमलमधून गाळा. लोकरीचा गोळा जुन्या सुती धोतराच्या कापडात बांधून गादी करायची, पॉलिश गादीच्या आत ओतायचं, बाहेरून नाही. दुरुस्त केलेल्या जागेवरच हात फिरवा, कडेला हलका करत न्या. हात थांबू देऊ नका. थांबला तिथे खालचा थर विरघळून गादी चिकटते आणि अख्खा पट्टा ओढला जातो. पावसाळ्यात हे काम घेऊच नका. हवेत ७५ टक्क्यांच्या वर ओल असली की पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं.

हरवलेल्या शंकरपाळ्याचं: आज बाजारात मिळणारं व्हेनियर अर्धा मिमीचं, ते बसवलं तर खड्डा राहतो. मागून दुसरा थर चिकटवून जाडी मिळवा किंवा बँडसॉवर पट्टी कापून घ्या. लाकूड बहुधा बुआ द रोज नाहीतर किंगवूड असेल. दोन्ही शिसवीच्याच कुळातली, ब्राझीलची. आपली शिसवी चालते पण गडद पडते, म्हणून फिक्या गाभ्याची निवडा. एक लक्षात ठेवा: बुआ द रोज नवं असताना गुलाबी-लाल पट्ट्यांचं असतं, जुनं झालं की मधासारखं. मूळ रंग बघायचा असेल तर नक्षीचा एखादा तुकडा काढून त्याच्याखाली बघा. तुकडा उतरलेल्या रंगाशी जुळवायचा, मूळ रंगाशी नाही. रेषांची दिशाही बघा, चार तुकड्यांत ती एकमेकांकडे आरशासारखी वळते. एक तुकडा उलटा बसला तर लांबूनसुद्धा खटकतो.

—

हळद_गोदाम

भुकटीबद्दल. मैद्यासारखी मऊ आणि भोकं एक-दोन मिमीची असतील तर ती भिरूड, वाळवी नाही. वाळवी मातीचे पट्टे घेऊन येते. ओकच्या पांढऱ्या भागातच हा किडा लागतो, गाभ्यात नाही, म्हणून सांगाडा सहसा वाचतो. काळा कागद अंथरून ठेवा. भुकटी झाडून घेतल्यावर पुन्हा पडली तरच किडा जिवंत आहे. जुन्या भोकांतली भुकटी धक्क्यानेही सांडते.

सांगलीत कोणालाही विचारलंत तर सांगेल, हळदीच्या गोदामात घालतात त्या गोळ्या ताडपत्रीत घालून ठेवा. अजिबात नको. त्यातून फॉस्फिन निघतो. घरात तो माणसाला मारतो, आणि तांबं-पितळ काळं करून खातो. किडा मरेल पण नक्षी कायमची जाईल. कच्च्या लाकडाच्या आतल्या बाजूने प्रत्येक भोकात सुईने परमेथ्रिन या कीटकनाशकाचं तेलकट द्रावण घाला. पाण्यात मिसळायचं औषध घेऊ नका, व्हेनियर अजून फुगेल. हातमोजे घाला, खोली उघडी, मग भोकं मेणाने बंद. पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर लगेच कळतं.

—

गावभाग_सांगली

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं. पायावर फरशीपासून ११ सेंमीवर फिकट रेघ आहे. व्हेनियर किल्लीच्या भोकाशी एक मिमीच्या आतबाहेर. मागच्या फळीवर कमानीसारख्या रेघा. संगमरवर खालून सपाट. शिक्का किंवा नाव कुठेही नाही. मेंढ्याचं एक डोकं काढलं, पाठीवर ७ आकडा ठोकलाय आणि लाकडावर त्याच जागी छिन्नीने ७ खुणा. सोनं डोक्यावर चमकदार, लोकरीच्या भागात मॅट. स्पिरिट लावलं, चिकट झालं. काळेपणाचं काय करू? आणि मुलामा परत देता येतो का?

—

फोबूरचा_वाटसरू

मग उत्तर जवळपास मिळालं. पॅरिसचं, साधारण १८६० ते १९००, नाव न घालणाऱ्या पण चांगल्या कारखान्याचं. जोडणीचे आकडे जुळतात म्हणजे नक्षी याच कपाटाची, आणि हे तुमच्यासाठी ठशापेक्षा मोलाचं. चमक आणि मॅट असा भेद केला म्हणजे फिनिशिंगवर हाताने बराच वेळ घातलाय. चमकदार भाग अकीकाच्या दगडाने घोटतात. १८४० च्या दशकात विजेचा मुलामा आला, त्यात असा भेद आपोआप येत नाही, तो सरसकट एकसारखा दिसतो.

कायद्याचं एक ध्यानात ठेवा. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, त्यामुळे परदेशातल्या लिलावाला पाठवण्याचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याशी बोलल्याशिवाय पुढचं पाऊल नको.

—

सरस_चपडा

सोनं काळं पडत नाही. काळं दिसतं ते म्हणजे धूळ, दिव्याची काजळी, जुनं मेण आणि सोन्याच्या बारीक छिद्रांतून वर आलेलं तांब्याचं गंजणं. चिंच-मीठ किंवा भांड्याची पावडर लावली की आम्ल त्या छिद्रांतून खाली शिरतं, सोन्याखालचा आधार खातं आणि पापुद्रा उडतो. मिठाचा अंश फटीत राहतो, तो पुढच्या पावसाळ्यात हिरवा होऊन बाहेर येतो. आणि चिंचेचा एक ओघळ संगमरवरावर पडला तर तिथली चमक गेलीच समजा. अमोनिया असलेलं काहीही नको, त्याने पितळ तडकतं.

नक्षी काढताना आधी फोटो, मग प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी, आणि त्याचे स्क्रू त्याच पुडीत. स्क्रू त्याच भोकात परत गेला पाहिजे. हाताने बनवलेल्या स्क्रूंचे आटे एकसारखे नसतात, मशीनचे असले तरी जुन्या भोकाला सवय झालेली असते. खाच रुंद असते, त्यात बरोबर बसेल असा पेचकस घासून तयार करा. अरुंद पेचकस घसरला की सरळ व्हेनियरवर चरा.

कोमट पाणी एक लिटर, सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश. माळेतल्या पानांच्या बेचक्यात टोक काढलेली बांबूची काडी. मग बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने दोनदा धुवा, नळाच्या पाण्याने क्षार बसतात. कापडाने टिपा, घासू नका, आणि ड्रायरच्या थंड-कोमट हवेने पूर्ण सुकवा. पाठीची बाजू ओली राहिली तर लाकडावर काळा डाग पडतो. सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. काही तुकडे सोन्याऐवजी रंगीत वॉर्निशचे असतात. त्याची साल निघताना दिसली तर पाणीसुद्धा लावू नका, कोरड्या ब्रशने झटका.

मुलामा परत देऊ नका. पाऱ्याचा द्यायला कोणी तयार झालाच तर तापवताना पाऱ्याची वाफ होते, ती विषारी आहे. आणि विजेचा दिलात तर चमक-मॅट भेद जाऊन सगळं एकसारखं लग्नाच्या हॉलसारखं दिसेल.

अकरा सेंमीच्या रेघेचं: पायांचे जोड हलवून पाहा. सरस तिथे नक्की विरघळलाय. ढिला पाय उलटा करून पिळून काढू नका, गरम पाण्याचे थेंब जोडात सोडत थोडं थोडं सैल करा.

जडावकामात पितळी तार किंवा पट्टी असेल आणि ती उठली असेल तर तिच्या पाठीवर लसणाची कापलेली पाकळी घासा, मग सरस. नुसत्या सरसाने धातू धरत नाही, फ्रेंच कारागीरही हेच करायचे.

—

हळद_गोदाम

साताऱ्याला नेण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. तुमच्या मापाने संगमरवर ३८ किलोच्या आसपास भरतो. तो आधी उतरवा, आणि उतरवल्याक्षणी उभा करा. आडवा उचलला की स्वतःच्याच वजनाने शिरेवर तडकतो, कोणाचा हात निसटावा लागत नाही. गाडीतही उभाच, लांब कडेवर, मध्ये गाद्या, प्रवासाच्या दिशेने.

सुटलेल्या व्हेनियरवर चिकटपट्टी लावू नका, काढताना पापुद्रा घेऊन येते. पतंगाचा पातळ कागद अगदी पातळ खळीने वरून चिकटवा, पोचल्यावर ओल्या बोळ्याने निघतो. कागद पांढराच घ्या, रंगीत कागदाचा रंग उतरतो. दारं कुलूप लावून वर सुती नाडी बांधा, किल्ली काढून ठेवा, नाहीतर पॅकिंगमध्ये वाकते.

दिवाळीनंतर हवा कोरडी होत जाते. साताऱ्यात पोचल्यावर दोन आठवडे घोंगडीतच राहू द्या, लाकडाला हळूहळू सवय होऊ द्या. सरस-पॉलिश त्यानंतरच.

—

गावभाग_सांगली

साताऱ्याच्या घरात जागा दोनच आहेत. एक पश्चिमेच्या खिडकीशी, एक बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी.

—

मिरजेचा_पॉलिशवाला

बाथरूमची भिंत नको, ओल झिरपत राहते. पश्चिमेचं ऊन दोन वर्षांत एका दाराचा रंग उडवेल आणि दुसरं तसंच राहील. खिडकीचीच जागा घ्या, पण जाड पडदा लावा आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पायांखाली फरशीवर शहाबादीचे छोटे तुकडे. हजाराच्या आतला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) कपाटात ठेवा, काटा ५० ते ६० च्या मध्ये असला की झोपा निवांत.

—

गावभाग_सांगली

ठरलं. सुताराला आज नाही म्हणून सांगितलं. हरवलेला दुसरा शंकरपाळाही मिळाला, मागच्या फळीच्या फटीत अडकला होता. त्याच्या पाठीला गरम पाणी लावलं, सरसच निघाला.